आतली खोली

विदर्भात देवाने ऊन निर्माण केलं ते केवळ माझ्या थोरल्या साडूंच्या हाताला काम असावं म्हणून, अशी माझी पक्की समजूत आहे. आमच्याकडे वऱ्हाडात साडू एकमेकांना साडभाऊ म्हणतात, आणि माझे हे साडभाऊ गेली चाळीस वर्षं अकोल्याच्या जुन्या शहरात कूलर बनवतात. बनवतात म्हणजे पत्रा कापण्यापासून वाळ्याच्या ताट्या बांधण्यापर्यंत सगळं स्वतः करतात, आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तो कूलर कोणत्या भिंतीला लावायचा हेही स्वतःच ठरवतात. गिऱ्हाइकाचं मत विचारायची पद्धत त्यांच्याकडे नाही. एका डॉक्टरीणबाईंनी एकदा कूलर पुढच्या हॉलमध्येच लावायचा हट्ट धरला, तर साडभाऊंनी तो पुन्हा हातगाडीवर चढवला. "हॉल पश्चिमेले हाय बाई. तिथं कूलर लावनं म्हंजे चाळनीत पानी भरनं हाय," असं शांतपणे सांगून ते चालू लागले. बाईंनी त्यांना कोपऱ्यावरून परत बोलावलं. कूलर शेवटी आतल्या खोलीत लागला, आणि पुढच्या आठवड्यात बाईंचं पेशंट तपासायचं टेबलही त्याच्यामागोमाग आत गेलं.

कोणाच्याही घरी गेले की साडभाऊ पाणी पिण्याआधी भिंतींना हात लावून पाहतात. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि मग यजमानाकडे दयेने पाहायचं. त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही बडनेऱ्याला गेलो होतो, तेही ऐन मे महिन्यात. मुलीच्या वडिलांनी बिचाऱ्यांनी पुढची खोली नवीन चादरी घालून सजवली होती. साडभाऊंनी एक भिंत पाहिली, दुसरी पाहिली, उठले आणि सरळ घरात शिरले. पाच मिनिटांनी गव्हाच्या कोठ्या ठेवलेल्या खोलीतून आवाज आला, "या, इकळे या सारे." मुलाकडच्या वडीलधाऱ्या माणसाला नाही कोण म्हणणार? सगळी मंडळी खुर्च्या उचलून आत गेली. मुलीचे वडील तुरीच्या पोत्यावर बसले, मुलीने पोहे तिथेच आणले, आणि काय सांगू, अर्ध्या तासात लग्न ठरलं. देण्याघेण्याचा विषय कोणी काढलासुद्धा नाही. "डोकं थंड असलं का सोयरीक जमते," साडभाऊ मला परतताना म्हणाले. "भांडनं सारे पुढच्या खोलीत होतात."

उन्हाळाभर त्यांच्या डोक्याला पांढरा दुपट्टा आणि खिशात कांदा असतो. कांदा जवळ असला की झाव लागत नाही, म्हणजे उष्ण वाऱ्याने माणूस आजारी पडत नाही, ही आमच्याकडची जुनी श्रद्धा आहे. पण इतर लोक ती मे महिन्यापुरती पाळतात आणि साडभाऊंचा कांदा होळीपासून पोळ्यापर्यंत चालतो. एसीचा त्यांना मनस्वी तिटकारा. "एसी म्हंजे थंडी. थंडी अंगाले लागते. गारवा जिवाले लागते," हे त्यांचं तत्त्वज्ञान मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता माझ्या तोंडूनही ते निघतं आणि आमची ही माझ्याकडे रागाने बघते.

पण साडभाऊंची खरी श्रद्धा एकच, आतली खोली. घर घेतल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी पश्चिमेची खिडकी विटा लावून बुजवली, उरलेल्या खिडक्यांवर ताट्या चढवल्या, आणि घराच्या पोटात एक अशी खोली तयार केली की बाहेर डांबर वितळत असतानाही तिथे माणसाने पांघरूण शोधावं. तिला खिडकी नाही, झरोका नाही. भर दुपारी पाण्याचा पेला हाताने चाचपून घ्यावा लागतो. मी नवा जावई म्हणून वैशाखात पहिल्यांदा त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो, तेव्हा ती खोली त्यांनी आम्हा नवराबायकोला दिली आणि स्वतः दोघं पुढच्या तापलेल्या खोलीत राहिले. मी फार संकोचलो. "पाव्हन्याले आतली खोली," साडभाऊ म्हणाले, आणि त्यावर पुढे चर्चा नव्हती. त्यांच्या लेखी माणसाला माणसाने द्यायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती, आणि तिच्याबाहेरचं जग पाहायची कोणाला हौस असेल हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही.

ती हौस त्यांच्याच घरात होती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या ताईंना, लहानपणापासून समुद्र पाहायचा होता. ताई म्हणजे अगदी मऊ बोलणारी बाई. मागणं असं त्यांनी आयुष्यात काही मागितलं नाही, पण माहेरी आल्या की दर वर्षी एकदा हसत हसत समुद्राचा विषय निघायचाच. आता लोक फिरायला जातात उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत, आणि उन्हाळा हा तर साडभाऊंचा सीझन. सीझन संपला की मुलांच्या शाळा सुरू. मुलं शिकून नोकरीला लागली, तरी उन्हाळा काही रिटायर झाला नाही. "समुद्र कुठं पळून राहिला का?" साडभाऊ दर वर्षी म्हणायचे. समुद्र पळाला नाही हे खरं आहे. पण ताईंची नजर पळत होती, ते कोणाला कळलं नाही.

काचबिंदू. अमरावतीच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेलो होतो. डावा डोळा जवळजवळ गेला होता, उजवा कडेकडेने अंधारत चालला होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकेल तितकी टिकवू, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी साडभाऊ आमच्या घरी आले आणि त्यांनी एकाही भिंतीला हात लावला नाही. चहा निवून गेला. मग म्हणाले, "साडभाऊ, हिले समुद्र दाखवाचा हाय. जेवढी नजर हाय, तेवढ्यात समुद्र बसते."

कोणी तरी गिऱ्हाइकाने त्यांना मुंबईहून निघणाऱ्या जहाजाच्या सहलीबद्दल सांगितलं होतं. तीन दिवस, राहायला खोली, खायला प्यायला, आणि चहूकडे पाणी. "काठावरून काय पाहाचं? मंधातूनच पाहू," असं म्हणून त्यांनी आम्हा चौघांची तिकिटं काढली. तिकिटांचं मी बघू का म्हटलं तर म्हणाले, तुमी फक्त बॅग भरा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन सीझनमध्ये, दुकानाला कुलूप लागलं. जुन्या शहरात लोक थांबून थांबून ते कुलूप पाहत होते. दारावर खडूने लिहिलं होतं, 'समुद्र पाहण्यासाठी गेलो आहे. ज्यांचे पंप बंद पडतील त्यांनी ताट्यांवर हाताने पाणी मारावे.'

बंदरातल्या भल्यामोठ्या हॉलमध्ये पहिला खोळंबा कांद्यामुळे झाला. तपासणीच्या यंत्रासमोर खिसे रिकामे करायला सांगितल्यावर साडभाऊंनी चष्म्याची डबी, रुमाल आणि कांदा असं ट्रेमध्ये मांडलं. तिथल्या शिपायाने कांदा उचलून पाहिला. "चाचा, ये क्या है?" "कांदा हय." "वो तो दिख रहा है. जेब में काहे को?" साडभाऊंनी त्याला झावेची सगळी हकीकत सांगितली, आणि मागे रांग वाढत असताना शेवटी विचारलं, "तुम्हारे यहाँ धूप में खड़े रहते, तुम क्या रखते?" तो म्हणाला, "टोपी." साडभाऊंना त्याची कीव आली. बाहेरचा खाऊ जहाजावर नेता येत नाही म्हणून कांदा तिथेच राहणार होता, तो त्यांनी त्या शिपायाच्याच खिशात घातला. तोही भला माणूस, हसून नमस्कार करून त्याने आम्हाला पुढे सोडलं.

बाहेर आलो तर समोर पांढरी उंच भिंत. "हे कोनाची बिल्डिंग हाय वो?" ताईंनी विचारलं. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. साडभाऊ म्हणाले, "बिल्डिंग नोहे, हेच जहाज हाय." त्यांचा आवाज असा की जहाज जणू त्यांनीच पत्रा कापून बनवलं होतं. चढता चढता त्यांनी जहाजाच्या अंगाला तळहात लावलाच. "तापलं हाय बाहेरून. पन आतून गार ठेवलं असंल यायनं." आत शिरलो तर खरोखरच गार होतं. एसीचं होतं, तरी त्यांनी त्या दिवशी तेवढं चालवून घेतलं. छताच्या एकेका जाळीखाली थांबून ते हात वर करून वारा तोलत होते. सामान उचलायला आलेल्या गोव्याकडच्या पोराला त्यांनी विचारलं, "पानी किधर से डालते?" त्याने बिचाऱ्याने खिडकीबाहेरच्या समुद्राकडे बोट केलं. साडभाऊंचं एकदम समाधान झालं. "पाहा साडभाऊ, चारी बाजूनं पानी अन् मंधात लोखंडी डब्बा. हे तं मोठं कूलरच हाय."

मग आमच्या खोल्या आल्या. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे दारं. साडभाऊंनी आपलं दार स्वतः उघडलं, बाजूला झाले आणि ताईंना म्हणाले, "जा, तू पयले जा." खोली छान होती. पांढरीशुभ्र गादी, आरसा, टॉवेलचा घडी घालून केलेला हत्ती. समोरच्या भिंतीवर छतापासून खालपर्यंत निळा जाड पडदा होता. ताई पलंगाच्या कडेकडेने हात लावत पडद्यापर्यंत गेल्या, आणि मला अजून आठवतं, तो सरकवण्याआधी त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग पडदा सरकवला.

मागे भिंत होती.

ताईंनी भिंतीवर हात फिरवला. त्यांना वाटलं असणार की काच आहे आणि आपल्यालाच दिसत नाही. मग हळूच म्हणाल्या, "भिंत हाय का वो ही?" त्यांनी पडदा पुन्हा होता तसा ओढून घेतला, चुण्या सारख्या केल्या, आणि पलंगावर बसून म्हणाल्या, "गादी मस्त मऊ हाय."

साडभाऊ दारातच उभे होते. मी त्यांना बोळात घेऊन आलो, तेव्हा कळलं काय झालं ते. तिकीट काढताना फोनवरच्या मुलीने विचारलं होतं, आतली खोली हवी की समुद्राकडची, खिडकीवाली. "मी म्हनलं, आतली. आतल्या खोलीहून चांगली खोली कोनती असते? खिडकी म्हनली का मले झावच दिसते." चूक म्हणावी तर चूक होती. पण चाळीस वर्षं जे सगळ्यात चांगलं म्हणून दुसऱ्यांना देत आले, ते या खेपेला त्यांनी बायकोसाठी मागून घेतलं होतं. या चुकीत मीही होतो. तिकिटाचे कागद माझ्या फोनवर आले होते, आणि मी त्यांत फक्त तारखा वाचल्या होत्या.

आम्ही खालच्या काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पुष्कळ शोधलं. जहाज भरलं होतं, एकही खिडकी रिकामी नव्हती. साडभाऊ तिला अजिजीने म्हणाले, "बेटी, हमकू हवा नको, बडा कमरा नको. ज़रा सी खिड़की दे दो. हम नीचे सोयेंगे." तिला वाईट वाटलं, दिसत होतं ते. "अंकल, वर डेक सगळ्यांसाठी उघडा आहे. पाच वाजता जहाज निघेल. आंटींना वर घेऊन जा ना," ती म्हणाली. साडभाऊंनी घड्याळ पाहिलं. "पाच वाजता ऊन पश्चिमेले असते," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यात पश्चिमेच्या उन्हात कोणी कोणाला मुद्दाम नेऊन बसवत नाही.

तेवढ्यात सगळ्या प्रवाशांना एका हॉलमध्ये बोलावलं. बुडायची वेळ आली तर काय करायचं ते एक मुलगी अंगात नारिंगी जाकीट घालून दाखवत होती. एरवी साडभाऊंनी त्या जाकिटाची शिवण तपासून दोन सूचना केल्या असत्या. त्या दिवशी ते मागच्या खुर्चीवर नुसते बसून होते. एकाएकी माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "साडभाऊ, ही घरात भिंतीले हात लावून चाले. दोन वर्षं चाले. मले वाटे, अंधार हाय म्हून. आमी सारेच तसे चालतो आमच्या घरात." मग म्हणाले, "घरात उजेड असता तं समजलं असतं." समोरची मुलगी शिटी कशी वाजवायची ते दाखवत होती, लोक हसत होते. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पाच वाजता आम्ही वर गेलो. उन्हाने डेक लखलखत होता. एका बाजूला मुंबईच्या इमारती, दुसऱ्या बाजूला लांब डोंगरांची रांग, आणि मधून जहाज इतकं हळू निघालं की आधी मला वाटलं बंदरच मागे सरकतंय. साडभाऊंनी कठड्याजवळची खुर्ची पकडली, तिच्या तापलेल्या दांड्यांवर आपला दुपट्टा पसरला आणि ताईंना बसवलं. तासाभराने दोन्हीकडची जमीन मागे पडली. आता समोर नुसतं पाणी होतं आणि त्याच्यावर सूर्य उतरत होता. ऊन थेट ताईंच्या तोंडावर आलं. साडभाऊ लगेच उठून त्यांच्यासमोर उभे राहिले, कंबरेवर हात ठेवून, सावली पूर्ण पडेल असे. सवयच ती. मला वाटतं त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

"जरा बाजूले व्हा न," ताई म्हणाल्या.

"ऊन लागंल वं तुले."

"ऊन हाय म्हूनच तं दिसून राहिलं मले."

साडभाऊ बाजूला झाले. एक पाऊल, मग आणखी एक. ताईंच्या चेहऱ्यावर सगळं ऊन पडलं आणि त्या पाहायला लागल्या. उजवा डोळा जिथवर पोचत होता तिथवर पाहायच्या, मग मान थोडी वळवून त्याच्या पुढचं पाहायच्या, असं तुकड्या तुकड्याने त्यांनी सगळा समुद्र पाहून काढला. आमची ही तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती. बऱ्याच वेळाने ताईंचा चेहरा एकदम गोंधळला. "आवो," त्या हळूच म्हणाल्या, "मघाशी होता तो काठ कुठं गेला? मले पल्याडचा काठ नाही दिसून राहिला." अकोल्याच्या मोर्णा नदीकाठी आयुष्य गेलेली बाई ती. पाण्याला पलीकडचा काठ असतो, आणि तो दिसत नसेल तर आपल्याच डोळ्यातलं काहीतरी आणखी गेलं, एवढाच अर्थ त्यांना लागला होता. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

साडभाऊ त्यांच्या शेजारी खाली डेकवरच बसले, भर उन्हात, उघड्या डोक्याने. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून त्यांनी लांबवर पाहिलं. इमानदारीने पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मलेबी नाही दिसत," ते म्हणाले.

"खरं?"

"तुझी आन. कोनालेच नाही दिसत. साडभाऊले विचार."

मी म्हटलं, "नाही दिसत ताई. मलाही नाही." ताईंनी खुर्चीचा हात सोडला. "मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि सूर्य बुडेपर्यंत आम्ही चौघं तो न दिसणारा काठ पाहत बसलो.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. ताईंना आता दिवस आणि रात्र एवढंच कळतं. अकोल्याच्या घरी दुपारी शेजारच्या बाया बसायला येतात आणि कधी तरी समुद्राची गोष्ट निघते. ताई सांगत असतात, पाणी कसं होतं, ऊन त्याच्यावर कसं पसरलं होतं, काठ कसा कोणालाच दिसत नव्हता. साडभाऊ हातातलं काम बाजूला ठेवून उंबऱ्यावर येऊन बसतात. त्या दिवशी ते त्यांच्या शेजारीच होते, तरी मान पुढे करून असे ऐकतात की जणू त्यांनी समुद्र पाहिलाच नाही. ताई मधे थांबल्या की हळूच विचारतात, "मंग?"